तिकटी

उद्यमनगरातल्या आमच्या फौंड्रीत
इंग्रजी फक्त माझ्या टेबलावर राहतं.
बाकी सगळीकडं ठोके, धूर, काळी वाळू
आणि खिळ्याला टांगलेला एक रेडिओ,
तो लावतं कोण, कळत नाही.

बुधवारी पावणेचारला
बाबालाल शिकलगारच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.
गुरुवारी साडेदहाला
मगदूमसाहेब म्हणाले, जर्मनीला मेल टाका बाई,
माल आठ दिवस लेट.
आणि ॲक्सिडेंट नको. इन्सिडेंट घाला.

फरक काय, मी विचारलं.
ॲक्सिडेंट वाचला की त्यांचा ऑडिटर येतो.
इन्सिडेंटला कोण येत नाही.

आठवीत चौगुले सर शिकवायचे,
समानार्थी शब्द म्हणजे एका घरातले भाऊ.
वाटण्या झाल्यावर भावांचं काय होतं
ते परीक्षेला नव्हतं.

मेल गेली.
मग ईएसआयचा फॉर्म. त्यावर वरच छापलेलं,
ॲक्सिडेंट रिपोर्ट, ठळक,
तिथं निवडायला काही नव्हतं.
खाली रकाना: इजेचं वर्णन.
मराठीत मी एका शब्दात मोकळी झाले असते.
गेली.
लाईट जाते, बस जाते, माणूस जातं, बोटंही जातात,
आणि ऐकणाऱ्याला सगळं कळतं.
इंग्रजी मात्र दारातच अडवतं:
गेली म्हणजे नेमकी कशी?
सिव्हर्ड लिहून पाहिलं,
पण तो कोयत्याचा शब्द, आणि प्रेसला कुठली धार.
अँप्युटेटेड तर हातमोजे घालूनच आला,
रक्त पुसून झाल्यावर.
शेवटी पेन्सिलीनं लॉस्ट लिहिलं
आणि डबा उघडला.
भाकरी खाली उतरेना.

शुक्रवारी सीपीआरला गेले सहीसाठी.
मुमताज मोसंबी सोलत होती,
साल एका सलग पट्टीत,
जणू तुटली तर कुणी रागावेल.
काय लिवलासा बाई? बाबालालनं विचारलं.
म्हटलं, लॉस्ट. म्हणजे, हरवली.
हसला तो. खरंच हसला.
हरवत्यात कशी ओ?
महादूनं प्रेस उचलून काढली न्हवं,
रुमालात बांधून हितवर आणली.
डॉक्टर म्हनलं, लागायची न्हाईत, पार चेंदा झालाय.
हरवली न्हाईत बाई.
कुठं हाईत ते दवाखान्याला ठावं.

डाव्या हातानं सही करताना
त्याचं नाव पहिलीतल्या पोरासारखं
रेघ सोडून वर चढत गेलं.
शेवटचा ल कागदावर मावला नाही.
मुमताजनं फॉर्म धरून ठेवला होता,
तिच्या बोटांचा मोसंबीचा वास
अजून त्या कोपऱ्याला आहे.

येताना केएमटीत उभी होते.
कंडक्टर ओरडला, मिरजकर तिकटी!
इतकी वर्षं ऐकलेलं, त्या दिवशी पहिल्यांदा मोजलं.
या गावानं तीन वाटांना चौक म्हटलं नाही.
तीन त्या तीन. तिकटी.
पट्टीतून बाहेर आलेली त्याची
मधलं बोट, तर्जनी, अंगठा
दांड्याला धरलेल्या माझ्या हातात
मला दिसत राहिली,
आणि माझा स्टॉप मागे पडला.

सोमवारी लॉस्ट खोडरबरानं पुसलं.
पेनानं लिहिलं, क्रश्ड. चिरडली.
बाय द प्रेस, हेही लिहिलं,
म्हणजे वाक्यात प्रेस आली, निदान शेवटी तरी.
साहेबांनी वाचलं. चष्मा काढला.
त्यांच्या मनगटावर जुना भाजल्याचा डाग आहे,
तेही मोल्डरच होते एकेकाळी, वडिलांच्या शेडमध्ये.
हे जरा जास्त होतंय का, म्हणाले.
मी काही बोलले नाही.
बाहेर प्रेस सुरू होती.
त्यांनी सही केली, रोजच्यापेक्षा हळू.

संध्याकाळी जर्मनीचं उत्तर आलं, दोन ओळींचं.
वुई रिग्रेट द इन्सिडेंट.
नवी तारीख कळवा.
रिग्रेट. सॉरी नाही.
मी स्क्रीनकडं बघत बसले.
तिकडंही कुणीतरी असेल टेबलाशी,
डबा उघडा टाकून,
एक शब्द हातात, एक बाजूला ठेवलेला,
आणि मागून साहेब म्हणत असेल,
आटपा बाई.